वारा कुठून येतो, ते आधी पाहा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उष्ण कटिबंधातल्या सहलींबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या बहुतेक पत्रांत देश आणि महिना एवढंच होतं: ‘मेमध्ये थायलंड कसं?’, ‘दिवाळीत श्रीलंका चालेल का?’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही. जुलैमध्ये ताम्हिणीत धो धो कोसळत असतं आणि बारामतीकर आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. जिल्हा तोच, महिना तोच, फक्त डोंगराची बाजू वेगळी. परदेशातल्या बेटांनाही हाच न्याय लागू आहे. त्यामुळे खालच्या उत्तरांमध्ये आम्ही दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा तपासल्या आहेत: त्या महिन्यात वारा कुठून येतो, आणि तुमचं हॉटेल डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे.

मुलांना मेमध्ये सुट्टी असते. बाली की फुकेत? तापमान दोन्हीकडे ३१-३२ अंश दिसतंय, मग फरक काय? (एक वाचक, कोथरूड)

बाली. आणि तापमान बघून हे कधीच ठरणार नाही. फुकेत विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे ८ अंशांवर आहे, तर बाली दक्षिणेला जवळपास तेवढ्याच अंतरावर. त्यामुळे पारा सारखाच, पण ऋतू उलटे.

फुकेतचे प्रसिद्ध किनारे, म्हणजे पातोंग, कारोन, काता, पश्चिमेला अंदमान समुद्राकडे तोंड करून आहेत. मेमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की ते थेट तिथे आदळतात. पाऊस हा त्यातला लहान त्रास. तो बऱ्याचदा तासा-दोन तासांची जोरदार सर देऊन निघून जातो. खरी अडचण समुद्राची. मे ते ऑक्टोबर लाटा मोठ्या असतात आणि किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. लाटांनी आणलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने परत समुद्रात जातं आणि पोहणाऱ्याला सोबत ओढतं. वरून तो पट्टा उलट शांत दिसतो, कारण तिथे लाटा फुटत नाहीत. नेमके तिथेच लोक उतरतात. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग परत फिरा. सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं.

थायलंडची तिकिटं आधीच काढून झाली असतील, तर द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूला, थायलंडच्या आखातातल्या कोह सामुईला जा. मेमध्ये तिथे आडोसा असतो. सामुईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर सर्वांत ओला, कारण तेव्हा वारा ईशान्येकडून येतो.

बालीत मेमध्ये वारा आग्नेयेकडून, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या बाजूने येऊ लागलेला असतो. देनपासारला जानेवारीत ३०० मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस ऑगस्टपर्यंत ५० च्याही खाली उतरतो. मे हा उताराचा काळ, एखाद-दुसरी सर धरून चाला. जुलै-ऑगस्टपेक्षा मे एका बाबतीत सरस आहे: भर मोसमात आग्नेय वारा जोर धरतो आणि शेजारच्या नुसा पेनिडा बेटाकडे जाणाऱ्या स्पीडबोटी चांगल्याच आपटतात. मेमध्ये हा त्रास कमी असतो. बोट लागत असेल तर सकाळची पहिली फेरी घ्या.

बालीच्या मध्यावर ज्वालामुखींची रांग आहे. अगुंग तीन हजार मीटरच्या वर जातो. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, हा हिशेब लावला तर बाराशे-चौदाशे मीटरवरचं बेदुगुल किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ अंशांनी थंड निघतं. धुकं आणि भुरभुर कोरड्या मोसमातही असते. एक पातळ स्वेटर लागतोच. उबुद उतारावर आहे, म्हणून तिथे किनाऱ्यापेक्षा जास्त पाऊस पडतो. पाऊस अजिबात नको असेल तर उत्तरेचं लोविना किंवा ईशान्येचं आमेद, दोन्ही डोंगराच्या सावलीत आहेत.

जुलैत मॉरिशसला जायचंय. पूर्व किनाऱ्यावरचं रिसॉर्ट पश्चिमेपेक्षा बरंच स्वस्त मिळतंय. घ्यावं का? (एक वाचक, औंध)

स्वस्ताईचं कारण वारा आहे. मॉरिशस २० अंश दक्षिणेला आहे, म्हणजे पुणे आरशात पाहिल्यासारखं दुसऱ्या बाजूला. जुलै तिथला हिवाळा. किनाऱ्यावर दुपारी २४-२५ अंश, पहाटे १७-१८, समुद्राचं पाणी २२-२३ अंश. पाण्यात उतरता येतं, पण मुलं पंधरा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. या काळात आग्नेय व्यापारी वारे जवळजवळ रोज वाहतात आणि पूर्व व आग्नेय किनाऱ्यावर थेट येतात. छत्र्या उलट्या होतात, वाळू डोळ्यांत जाते, खारट शिंतोड्यांनी चष्मा धूसर होतो. पश्चिमेचं फ्लिक अँ फ्लाक किंवा वायव्येचा पट्टा तेव्हा उबदार आणि शांत असतो. नैर्ऋत्य टोकाचं ल मॉर्न मात्र पतंग लावून लाटांवर धावणाऱ्यांसाठी आहे. आई-वडील सोबत असतील तर तिथे राहू नका.

बेटाच्या मधलं पठार वाऱ्यातली वाफ अडवतं. पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्या आत. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे आणि पसरणीचा घाट उतरून वाईला हजाराच्याही खाली, असाच हा प्रकार. क्युरपिप साडेपाचशे मीटरवर आहे, साधारण पुण्याएवढ्याच उंचीवर, पण जुलैत तिथे मळभ, गारवा आणि भुरभुर. टूरवाले ज्वालामुखीच्या विवराच्या दर्शनासाठी तिथे नेतातच, तेव्हा विंडचीटर हवा.

हा जो वारा मॉरिशसला गारठवतो, तोच पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, सोमालियावरून अरबी समुद्र पार करतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणून सह्याद्रीवर येऊन धडकतो. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसातले हवामानतज्ज्ञ पावसाचा अंदाज देताना मॉरिशसजवळच्या उच्च दाबाच्या पट्ट्याकडे बघतात, ते याचमुळे. आपल्या पावसाळ्यात मॉरिशस आणि बाली कोरडी का, याचं उत्तरही इथेच आहे.

पूर्व किनारा ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. वारा मंदावलेला, ऑक्टोबर हा बेटाचा सर्वांत कोरडा महिना, आणि चक्रीवादळांचा काळ सुरू व्हायला अवकाश. दिवाळीच्या सुट्टीत कुठे जावं, असं विचारणाऱ्या बाकीच्या पत्रांनाही हेच उत्तर.

दिवाळीत श्रीलंकेचं बुकिंग झालंय. आता कळलं की तेव्हा पाऊस असतो. (एक वाचक, सिंहगड रस्ता)

असतो, आणि नेमका तो काळ असा आहे की बेटाची कुठलीच बाजू पूर्ण कोरडी नसते. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारे पश्चिम-दक्षिणेला भिजवतात, तेव्हा त्रिंकोमाली आणि अरुगम बे कोरडे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उलट: ईशान्य वारे पूर्वेला भिजवतात आणि गाले, मिरिस्सा, बेंटोटा या बाजूला उघडीप मिळते. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक वारा संपलेला आणि दुसरा लागलेला नसतो. जमीन तापते, दुपारी ढग उभे राहतात आणि विजांसह कोसळतात. आपल्या वळवाच्या पावसाची हीच तऱ्हा, फक्त रोजची. कोलंबोच्या सर्वांत ओल्या महिन्यांत हे दोन्ही मोडतात. त्यात बंगालच्या उपसागरात एखादा कमी दाबाचा पट्टा तयार झाला तर दोन-तीन दिवस सलग झड लागते.

बुकिंग मोडू नका, वेळापत्रक बदला. दुपारच्या पावसाचं एक बरं असतं, सकाळ मोकळी मिळते. सहा-सातला बाहेर पडा, सिगिरिया नाश्त्याआधी चढा, एकपर्यंत उघड्यावरची सगळी ठिकाणं उरका आणि प्रवास किंवा संग्रहालयं दुपारनंतर ठेवा. भर दिलाच तर अनुराधपूर, सिगिरिया, कँडी या भागाला द्या. पूर्व किनारा गाळा. मिरिस्साची देवमासे दाखवणारी बोट या वेळी नको, तिथला समुद्र डिसेंबरपासून निवतो. कँडी-एल्ला रेल्वेचं तिकीट काढलं असेल, तर दरडीमुळे गाडी रद्द झाल्यास रस्त्याने जाण्याएवढा मोकळा दिवस हाताशी ठेवा. नुवारा एलिया १८६८ मीटरवर आहे. तिथे रात्री रग लागतो आणि हॉटेलात हीटर आहे का हे विचारून घ्यावं लागतं. जंगलवाटांवर जळवा असतात. पँट मोज्यात खोचा आणि मीठ किंवा तंबाखूचं पाणी मोज्यांना लावा. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे नवीन नाही.

दिवाळीतच, पण व्हिएतनामचं दा नांग आणि होई आन? (एक वाचक, पिंपळे सौदागर)

नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मध्य व्हिएतनामचे सर्वांत ओले महिने. ईशान्येचा वारा समुद्रावरून येऊन डोंगररांगेवर चढतो, वर टायफूनची भर. होई आनच्या जुन्या गावात नदीचं पाणी शिरणं ही त्या काळात नित्याची बाब आहे. हाच देश फेब्रुवारीअखेर ते मेपर्यंत करा, किंवा दिवाळीत उत्तरेचं हनोई धरा. तेव्हा तिथे हवा सुखाची असते.

विषुववृत्ताजवळ सर्वांत जास्त ऊन, मग सिंगापूरचं तापमान पुण्याच्या एप्रिलपेक्षा कमी कसं? आणि तरी तिथे जास्त उकडतं, असं सगळे म्हणतात. (एक वाचक, सदाशिव पेठ)

दोन्ही खरं आहे. सिंगापूरचा आजवरचा नोंदला गेलेला उच्चांक ३७ अंश, १९८३ आणि २०२३ मध्ये. पुण्यात एप्रिलच्या कुठल्याही साध्या दुपारी पारा तिथवर जातो. विषुववृत्तावर समुद्र जवळ, ढग जास्त आणि दुपारच्या सरी नियमित, त्यामुळे ऊन बाष्पीभवनातच खर्ची पडतं.

उकाडा मोजायचा तर दवबिंदू पाहा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा. बऱ्याच हवामान ॲपमध्ये तो ‘ड्यू पॉइंट’ या नावाने असतो. पुण्यात ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास येतो. घाम आल्या आल्या वाळतो. ३१ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५. घाम वाळायलाच तयार नसतो, शर्ट पाठीला चिकटतो. आमचा ठोकताळा: १६ पर्यंत आराम, २० पुढे चिकचिक, २४ पुढे दुपारी उन्हात फिरायचं नाव काढू नका. शिवाय पुण्यात एप्रिलची रात्र तरी बरी असते. दमट किनाऱ्यावर किमान तापमान २५-२६ च्या खाली येत नाही. ज्येष्ठ मंडळींना त्रास होतो तो या न उतरणाऱ्या रात्रीचा. त्यांच्यासाठी समुद्रावरचं घर घेण्यापेक्षा एसी नीट चालणारी खोली घ्या.

पावसाचे तक्ते वाचतानाही अशीच फसगत होते. सिंगापूरचा सर्वांत कोरडा महिना फेब्रुवारी, त्यातही सरासरी १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हे पाहून घाबरायचं कारण नाही, कारण तो तासाभरात पडून मोकळा होतो. पुण्याची जुलैतली रिपरिप दिवसभर चालते आणि मिलिमीटर मात्र थोडेच जमतात. तेव्हा नुसते मिलिमीटर बघू नका. पावसाचे दिवस, सूर्यप्रकाशाचे तास आणि वाऱ्याची दिशा हे तीन रकाने सोबत वाचा. शहराचा आकडा बऱ्याचदा विमानतळावरचा असतो हेही लक्षात ठेवा. विमानतळ सपाट किनाऱ्यावर आणि तुमचं हॉटेल डोंगरात असेल, तर तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

झांजीबारच्या पूर्व किनाऱ्यावर डिसेंबरअखेर राहणार आहोत. तिथे समुद्र ‘गायब होतो’ म्हणतात, ते काय? (एक वाचक, बिबवेवाडी)

ओहोटी. झांजीबारला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो. मुंबई-अलिबागच्या लोकांना हा आकडा ओळखीचा आहे. पण पाजे, जांबियानी या पूर्वेच्या किनाऱ्यांचा उतार फार मंद आहे आणि प्रवाळाची भिंत दूर आहे. त्यामुळे पाणी किलोमीटरभर आत जातं आणि मागे उरतात डबकी, समुद्री शेवाळाची शेती आणि काटेरी समुद्री साळू (सी अर्चिन). साळूचा काटा तळपायात मोडला की सुट्टीचे दोन दिवस गेले. जाड तळाचे पाण्यातले बूट न्या, साध्या चपला चिखलात रुततात.

तारीख निवडताना पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी. उधाणाच्या दिवसांत तिथली ओहोटी साधारण सकाळी दहाच्या सुमारास येते, म्हणजे नेमकी तुमच्या पोहण्याच्या वेळी. भांगाच्या दिवसांत पाणी इतकं लांब जात नाही. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला हिशेब मात्र तिथे लावू नका. भरतीची वेळ बंदरागणिक बदलते. त्या बंदराचा तक्ता इंटरनेटवर मिळतो, तो मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. दिवसभर पोहायचंच असेल तर उत्तर टोकाचं नुंगवी किंवा केंडवा घ्या, तिथला किनारा लवकर खोल होतो.

डिसेंबरअखेर योग्य आहे. नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस, ज्याला तिथे वुली म्हणतात, सरत आलेला असतो आणि कास्काझी हा ईशान्य वारा लागतो. हवा गरम, पण पाऊस कमी. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंतचा मासिका हा मोठा पाऊस. तेव्हा काही हॉटेलं कुलूप लावूनच बसतात, मग भाडं कितीही उतरलेलं दिसो.

मालदीव, लक्षद्वीप की अंदमान? मेच्या पहिल्या आठवड्यात, आजी-आजोबांसह. (एक वाचक, चिंचवड)

मालदीव आणि लक्षद्वीप एकाच बुडालेल्या डोंगररांगेवर वाढलेली प्रवाळबेटं आहेत. मिनिकॉय आणि मालदीव यांच्यामध्ये फक्त आठ अंशांची खाडी. मालदीवचा सर्वांत उंच नैसर्गिक बिंदू जेमतेम अडीच मीटर. अडवायला डोंगर नाही, म्हणून पर्जन्यछायाही नाही. ढगांचा पट्टा वरून गेला की सगळीकडे पाऊस, गेला की सगळीकडे ऊन. डिसेंबर ते एप्रिल ईशान्य वारा, समुद्र शांत. मेपासून वारा फिरतो. मेचा पहिला आठवडा हा कडेवरचा काळ आहे, थोडा धोका पत्करून जाता येतं. रिसॉर्ट निवडताना बेटाच्या पूर्व अंगाची खोली मागा, नैर्ऋत्य वाऱ्याच्या लाटा पश्चिमेला लागतात. पावसाळा अगदीच वाया जात नाही: बा प्रवाळवलयातल्या हनिफारू खाडीत जून ते नोव्हेंबरात मँटा मासे जमतात ते याच वाऱ्याने आणलेल्या प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी.

लक्षद्वीपसाठी परवाना लागतो आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा मेची तयारी जानेवारीत सुरू करा. बोटीतून जेट्टीवर उतरताना ज्येष्ठांचे हाल होतात, म्हणून विमानाने अगत्ती.

अंदमान डोंगराळ आहे, सॅडल पीक ७३२ मीटर. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी दरवर्षी साधारण २० मेच्या आसपास येते, आणि सुट्टीचे बेत आखणारे तीच विसरतात. पहिला आठवडा चालेल, तिसरा नाही. पाऊस लागला की हॅवलॉकच्या (आताचं स्वराज द्वीप) बोटींच्या फेऱ्या रद्द होतात आणि परतीचं विमान पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) सुटून जातं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. घड्याळाचंही भान ठेवा: अंदमान आपल्याच प्रमाणवेळेवर चालतं पण फार पूर्वेला आहे. डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडतो. मेमध्ये थोडं उशिरा, तरी दिवस पहाटे पाचलाच सुरू करावा लागतो.

तिघांत, आजी-आजोबांसह आणि त्या तारखांना, आम्ही अंदमान निवडू. दवाखाना जवळ आहे आणि जेवणाची पंचाईत होत नाही.

चक्रीवादळाची धास्ती कुठे नसते? (एक वाचक, हडपसर)

विषुववृत्तापासून दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांत. पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला मिळणारा पीळ तिथे इतका कमी असतो की वादळ गोल फिरायला लागत नाही. सिंगापूर, दक्षिण मालदीव, सेशेल्सचं माहे या पट्ट्यात येतात. अपवाद आहे: डिसेंबर २००१ मध्ये वामेई नावाचं वादळ सिंगापूरजवळ अवघ्या दीड अंशावर तयार झालं होतं. मॉरिशस आणि रीयुनियनला मात्र जानेवारी ते मार्च टाळा. रीयुनियनमधल्या फोक-फोकला जानेवारी १९६६ मध्ये एका वादळात २४ तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस पडला, तो आजही जागतिक विक्रम आहे. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा ९४४ होता.

कॅमेऱ्याची काच बाहेर पडल्यावर धुरकट होते आणि घरी आल्यावर बॅगेला बुरशी येते. उपाय? (एक वाचक, धनकवडी)

एसी खोलीतली काच बाहेरच्या दवबिंदूपेक्षा थंड असते, म्हणून तिच्यावर वाफ बसते. कॅमेरा खोलीतच झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि बाहेर अर्धा तास पिशवीतच राहू द्या. वाफ पिशवीवर बसते, काचेवर नाही. कापडाने पुसत बसू नका, खाऱ्या हवेतले कण काचेवर घासले जातात. चामड्याचे बूट आणि पट्टे नेऊच नका. जाड सुती कपडे आणि जीन्स दोन दिवस वाळत नाहीत, पातळ सिंथेटिक न्या. मुलांसाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घ्या: स्नॉर्कलिंगमध्ये पालथं तरंगताना पाठ, मान आणि पोटऱ्या भाजतात आणि पाण्याच्या गारव्यामुळे ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. ढग असले तरी क्रीम लावा. घरी आल्यावर बॅग रिकामी करून, चेन उघडी ठेवून, दोन दिवस पंख्याखाली राहू द्या. पावसाळ्यात परतला असाल तर माळ्यावर टाकण्याआधी आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.